सीमेच्या पहारेकऱ्याचे शस्त्र आणि शिक्षण

सीमेवर पहारा देणाऱ्या माणसाच्या हाती शस्त्र असावे की नसावे, असले तर ते कोणत्या प्रकारचे असावे आणि ते हाती देण्यापूर्वी त्याला किती व कशाचे शिक्षण मिळालेले असावे, हे तीन प्रश्न वरवर वेगळे दिसत असले तरी व्यवहारात एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. कारण शस्त्राविना उभा असलेला पहारेकरी स्वतःचेही रक्षण करू शकत नाही, आणि शिक्षणाविना शस्त्र धरलेला पहारेकरी ज्यांचे रक्षण करायचे त्यांच्यासाठीच धोक्याचा ठरू शकतो.

सीमारक्षक म्हणजे सैनिक नव्हे, हा भेद आरंभीच ध्यानात घ्यावा लागतो. सैन्याचे काम युद्धाचे असते आणि त्याच्यासमोर शत्रूचे सैन्य असते. सीमारक्षक दलाचे काम मुख्यतः शांततेच्या काळातले असते आणि त्याच्यासमोर एकाच रात्रीत शेतकरी, गुराखी, चोरटा व्यापारी, पोटासाठी निघालेला मजूर, हेर किंवा सशस्त्र दहशतवादी यांपैकी कोणीही येऊ शकतो. भारतात हे काम शेजारी देशांनुसार वाटून दिलेले आहे : पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्यालगतची आंतरराष्ट्रीय सीमा सीमा सुरक्षा दलाकडे, चीनलगतची भारत-तिबेट सीमा पोलीस दलाकडे, नेपाळ व भूतान यांच्यालगतची सशस्त्र सीमा बलाकडे आणि म्यानमारलगतची आसाम रायफल्सकडे आहे. ही सर्व दले सशस्त्र आहेत; म्हणून भारतापुरता खरा प्रश्न असा, की कोणत्या सीमेवर, कोणत्या प्रसंगी, कोणते शस्त्र आणि कोणत्या शिकवणीनंतर वापरले जावे.

या प्रश्नाचा विचार ग्वाल्हेरच्या माधवगंजातून करण्याला विशेष औचित्य आहे. माधवगंज ज्या लष्कर भागात मोडते त्याचे नावच दौलतराव शिंदे यांच्या १८१० च्या छावणीवरून पडले. त्याच भागातील कंपू या वस्तीचे नाव म्हणजे महादजी शिंदे यांच्या कवायती पलटणींसाठी मराठी कागदपत्रांत रूढ झालेला शब्द होय. आणि येथून झाशीच्या रस्त्याने सुमारे ३० किलोमीटरवर टेकनपूर येथे १९६६ पासून सीमा सुरक्षा दलाची प्रबोधिनी, म्हणजे अधिकारी घडवणारी मुख्य शिक्षणसंस्था, उभी आहे. प्रस्तुत संवादातील दोन्ही व्यक्ती कल्पित असून त्या दोन भूमिकांच्या प्रतिनिधी आहेत. एक आहेत सीमारक्षक दलातून निवृत्त झालेले, माधवगंजात स्थायिक झालेले वृद्ध प्रशिक्षक. दुसऱ्या त्यांच्याच शेजारच्या, उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठात वकिली करणाऱ्या विदुषी, ज्या वयाच्या नात्याने त्यांना ‘काका’ म्हणतात आणि ज्यांना ते आदराने ‘वकीलबाई’ म्हणतात.

शस्त्राची गरज

प्रशिक्षक : वकीलबाई, सीमा सुरक्षा दलाचा जन्म कशातून झाला हे विसरले, तर त्याच्या शस्त्राचा अर्थ लागत नाही. १९६५ पर्यंत पाकिस्तानलगतच्या सीमेवर त्या त्या राज्याच्या सशस्त्र पोलीस तुकड्या पहारा देत असत. प्रत्येक राज्याची हुकमाची साखळी वेगळी, शस्त्रे वेगळी आणि शिक्षण गुन्हेगार पकडण्याचे व जमाव पांगवण्याचे. ९ एप्रिल १९६५ रोजी कच्छच्या रणात सरदार चौकीवर पाकिस्तानी सैन्याने हल्ला केला, तेव्हा तेथे केंद्रीय राखीव पोलीस दलाची लहानशी तुकडी होती. ती शौर्याने लढली, आणि त्या दलात हा दिवस आजही शौर्य दिन म्हणून पाळला जातो. पण पोलिसी तयारीच्या तुकडीने सैन्याशी झुंजावे, ही व्यवस्था टिकणारी नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्याच वर्षी १ डिसेंबरला २५ पलटणींनिशी सीमा सुरक्षा दल स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख खुसरो रुस्तमजी हे नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले अधिकारी, आणि त्याआधी मध्य प्रदेशाचे पोलीसप्रमुख म्हणून चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोरांशी त्यांनी दिलेली झुंज या शहराला परिचित आहे.

वकीलबाई : काका, कच्छचा दाखला खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष तपासून घ्यावा लागेल. तो दिवस आक्रमणाचा होता, आणि आक्रमणाला उत्तर देणे हे अखेर सैन्याचेच काम असते. पहारेकऱ्याच्या हातात कितीही चांगली रायफल दिली, तरी तोफखान्यासह आलेल्या सैन्याला ती एकटी पुरी पडणार नाही. पहारेकऱ्याच्या वाट्याला येणारे उरलेले सगळे दिवस मात्र वेगळ्या माणसांचे असतात. बांगलादेशाच्या सीमेवर काटेरी कुंपण हे शून्य रेषेपासून, म्हणजे दोन देशांमधल्या प्रत्यक्ष सीमारेषेपासून, साधारण १५० यार्ड आत आहे. त्यामुळे भारतीय शेतकऱ्यांची जमीन कुंपणापलीकडे राहिली आहे, आणि त्यांना रोज सकाळी फाटकावर ओळखपत्र दाखवून, नोंदवहीत नाव लिहवून, बैल व अवजारे तपासून घेऊन स्वतःच्याच शेतात जावे लागते. नेपाळची १,७५१ किलोमीटरची सीमा तर १९५० च्या करारापासून खुलीच आहे; सोयरिकी, बाजार, तीर्थयात्रा सारे तिच्यावरून चालते. अपवादाच्या एका दिवसाचा विचार करून शस्त्र आणि मनोवृत्ती ठरवली, तर इतर ३६४ दिवस समोर येणारा माणूस आधी शत्रू आणि मग नागरिक ठरतो.

प्रशिक्षक : रोजच्या दिवसांतही धोका कमी नसतो. पश्चिम बंगालच्या सीमेवर हिवाळ्याच्या धुक्यात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. नदीनाले, केळीच्या बागा आणि कुंपणाला लागून असलेली घरे यांमुळे गस्तीवरच्या दोघांना चोरट्या व्यापाऱ्यांची टोळी अंगावर येईपर्यंत कळत नाही, आणि त्या टोळीच्या हातात दगड, गावठी बाँब किंवा ‘दा’ नावाचा लांब कोयता असतो. अशा वेळी जवान निःशस्त्र असावा असे म्हणणारा त्याच्या जागी स्वतःला उभे करून पाहत नाही. दुसरा दाखला महाराष्ट्राचा आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रमार्गे आलेले दहशतवादी मुंबईत मच्छीमार वस्तीजवळ उतरले. किनारा हीदेखील सीमाच असते, पण तिच्यावर पहारा देण्याची तयारी तेव्हा तुटपुंजी होती. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफलींसमोर पोलिसांकडे लाठ्या आणि जुन्या पद्धतीच्या बंदुका होत्या; आणि गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोराच्या रायफलीची नळी नुसत्या हातांनी धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. सातारा जिल्ह्याच्या त्या सुपुत्राला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांच्या धैर्यापुढे मस्तक लववावे, पण राज्याने धैर्याला शस्त्राचा पर्याय मानू नये; शूर माणसाच्या छातीवर व्यवस्थेची उणीव झाकणे हा त्या शूराचाच अपमान आहे.

शस्त्राची मर्यादा

वकीलबाई : ओंबळे यांचा दाखला कोणालाही नाकारता येणार नाही. पण त्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्याने त्याआधी १५ वर्षे एक वेगळा धडा दिला होता. १९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके व शस्त्रे उतरवली गेली, आणि १२ मार्चच्या बाँबस्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या किनाऱ्यावर पहारेकरी नव्हते असे नाही, त्यांच्याकडे शस्त्रे नव्हती असेही नाही. सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतील काही जणांनी लाच घेऊन वाट मोकळी केली, हे न्यायालयात सिद्ध झाले आणि त्यांना शिक्षा झाल्या. जेथे पहारेकऱ्याचे इमान विकले जाते तेथे त्याच्या खांद्यावरची बंदूक शोभेची वस्तू होते. म्हणून ‘शस्त्र वाढवा’ या मागणीआधी हा प्रश्न विचारावा लागतो, की चोरट्या व्यापाराच्या पैशाला तोंड देणारी व्यवस्था कोणती आहे.

प्रशिक्षक : या मुद्द्यावर मतभेद नाही. आपल्या इतिहासात त्याचे उत्तरही आहे. शिवकाळात किल्ल्याच्या उतारावर ठिकठिकाणी ‘मेटे’ असत, म्हणजे पहाऱ्याच्या चौक्या, आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मेटकरी त्या डोंगराची प्रत्येक वाट ओळखत. पण किल्ल्याचा कारभार हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशा तिघांत वाटलेला असे, कारण कोणत्याही एकाच्या फितुरीने दरवाजा उघडता कामा नये. पहाऱ्यावरचा विश्वास आणि पहाऱ्यावरची देखरेख या दोन्ही गोष्टी त्या काळच्या शहाण्या राज्यकर्त्यांनी एकत्रच मांडल्या होत्या.

वकीलबाई : मग देखरेखीचाच धागा पुढे नेऊ. ७ जानेवारी २०११ रोजी कूचबिहार जिल्ह्याच्या सीमेवर फेलानी खातून ही १५ वर्षांची बांगलादेशी मुलगी वडिलांबरोबर मायदेशी परतताना कुंपणाच्या तारेत अडकली, गोळी लागून मरण पावली आणि तिचा देह काही तास त्याच तारेवर लोंबकळत राहिला. ते छायाचित्र दोन्ही देशांत पोहोचले. तिच्या हातात शस्त्र नव्हते, ती कोणावर चालूनही आली नव्हती. खटला दलाच्याच अंतर्गत न्यायालयापुढे चालला. सीमा सुरक्षा दल अधिनियम, १९६८ नुसार दलातील अधिकाऱ्यांच्याच मंडळाकडून जवानावर चालणाऱ्या खटल्यांसाठी अशी न्यायालये असतात. २०१३ मध्ये आणि फेरविचारानंतर २०१५ मध्ये आरोपी निर्दोष ठरला. काका, या घटनेत शस्त्राची उणीव नव्हती. उणीव कशाची होती, ते एका प्रशिक्षकानेच सांगावे.

प्रशिक्षक : उणीव शिकवणीची होती, हे स्वीकारायलाच हवे. कोणत्याही चांगल्या शिक्षणसंस्थेत ‘बळाचा क्रमवार वापर’ शिकवला जातो. त्याचा अर्थ असा, की समोरचा माणूस आणि गोळी यांच्यामध्ये अनेक पायऱ्या असतात : प्रथम हाक, मग स्पष्ट इशारा, मग झगझगीत प्रकाश, मग वाट अडवणे, मग अश्रुधूर किंवा आवाजाने भेदरवणारा गोळा, मग रबरी छर्रे, आणि कोणाचा तरी प्राण जाण्याचा धोका समोर उभा असेल तेव्हाच गोळी. त्या तारेजवळ या पायऱ्या वापरल्या गेल्या नाहीत. २०११ मध्येच दोन्ही देशांनी समन्वित सीमा व्यवस्थापनाचा आराखडा मान्य केला आणि त्या सीमेवर छर्ऱ्यांच्या पंप ॲक्शन बंदुकांसारख्या, जीव घेण्यासाठी नसलेल्या साधनांवर भर आला. ही साधने परक्या देशातून आणण्याचीही गरज नव्हती; टेकनपूरच्याच आवारात १९७६ पासून अश्रुधूर विभाग आहे आणि देशातील अनेक पोलीस दलांना लागणारी अश्रुधुराची नळकांडी तेथे तयार होतात. ज्या आवारात नेमबाजी शिकवली जाते त्याच आवारात नेम न धरता काम भागवण्याचे साहित्य बनते, हा या संस्थेचा खरा अर्थ आहे.

वकीलबाई : त्या साहित्याचाही फाजील भरवसा धरू नये. ‘कमी घातक’ हा गुण शस्त्राच्या अंगचा नसतो. तो अंतरावर, नेमावर आणि धरणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून असतो. २०१६ मध्ये काश्मीर खोऱ्यात छर्ऱ्यांच्या बंदुकांमुळे अनेक तरुणांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या, तेव्हा हे देशाने पाहिले. म्हणजे ज्याला सौम्य म्हणतात त्या शस्त्रालाही तितक्याच कठोर शिकवणीची गरज असते, किंबहुना अधिकच. कारण ‘याने कोणी मरत नाही’ या समजुतीने हात लवकर उठतो.

कायदा काय सांगतो

वकीलबाई : कायद्याची भूमिका या बाबतीत संदिग्ध नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६ मध्ये अटक करताना आवश्यक ते बळ वापरण्याची मुभा होती, पण ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा प्राण घेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, असे तेथेच स्पष्ट म्हटले होते. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व कायम आहे. म्हणजे गुरे किंवा खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पलीकडे नेणारा माणूस पाठ फिरवून पळत असेल, तर तो निसटतो एवढ्या कारणाने त्याच्यावर गोळी झाडता येत नाही. तोच माणूस कोयता उगारून अंगावर आला, तर मात्र स्वसंरक्षणाचा हक्क, जो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, जवानालाही इतर नागरिकांइतकाच मिळतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या हवाना परिषदेत बळाच्या वापराची जी मूलतत्त्वे मान्य झाली त्यांचा आशयही हाच आहे. आणि त्यांत आणखी एक शहाणपणाची गोष्ट आहे, की ढाली, शिरस्त्राणे, गोळीरोधक पोशाख अशी संरक्षक साधने रक्षकाला द्यावीत, कारण ज्याचे अंग झाकलेले असते त्याला बंदूक उचलण्याची गरज कमी पडते.

प्रशिक्षक : कायदा न्यायालयात वाचताना स्वच्छ वाटतो, धुक्यात तो दीड सेकंदात आठवावा लागतो. पाठ फिरवून पळणारा आणि वळून बाँब फेकण्याच्या बेतात असलेला, या दोन आकृत्या अंधारात सारख्याच दिसतात. जवानाच्या मनावर चौकशीची भीती बसली, तर तो क्षणभर अडखळतो आणि त्या क्षणात त्याचाच जीव जातो. १८ एप्रिल २००१ रोजी आसाम सीमेपलीकडच्या बोराईबारी येथे सीमा सुरक्षा दलाचे १६ जवान मारले गेले, ते काही निःशस्त्र नव्हते.

वकीलबाई : बोराईबारीचे नाव निघाले हे बरे झाले. ते सशस्त्र होते, म्हणजे त्यांचा जीव शस्त्राच्या अभावी गेला नाही. पुढे काय आहे याची माहिती नसताना आणि दोन्ही देशांनी दशकानुदशके लोंबकळत ठेवलेल्या जमिनीच्या वादात ते पुढे ढकलले गेले. तो वाद अखेर मिटला तो २०१५ मध्ये, भूसीमा करार प्रत्यक्षात आला तेव्हा; ३१ जुलैच्या मध्यरात्री एकमेकांच्या प्रदेशात अडकलेली १६२ बेटवजा गावे, भारताची १११ आणि बांगलादेशाची ५१, परस्परांत विलीन झाली. पहारेकऱ्याचे प्राण वाचवणारे साधन म्हणजे कधी कधी राजदूताची लेखणीही असते. चौकशीच्या भीतीबद्दल म्हणायचे, तर भीती चौकशीची नसते, ती अन्याय्य चौकशीची असते. ज्या जवानाला नियम स्पष्ट शिकवले आहेत, ज्याच्याकडे प्रसंगाची चित्रफीत नोंदवणारे साधन आहे आणि ज्याच्या खटल्यात दलाबाहेरचाही न्यायाधीश बसतो, त्या जवानाला निर्दोष ठरल्यावर समाजही निर्दोष मानतो. अंतर्गत न्यायालयाच्या निर्णयाला ही प्रतिष्ठा मिळत नाही, आणि त्यात प्रामाणिक जवानाचेच नुकसान होते.

प्रशिक्षक : हा विचार दलातील जुन्या माणसांना सहज पटणार नाही, पण तो बाजूला सारण्यासारखा नाही.

गलवानचा प्रसंग

प्रशिक्षक : तरीही गलवान विसरता येत नाही. १५ जून २०२० च्या रात्री लडाखमध्ये २० भारतीय सैनिकांनी प्राण दिले, आणि चिनी सैन्याशी झालेली ती झुंज दगड, लोखंडी गज आणि खिळे ठोकलेल्या दांड्यांची होती. ते सैन्य होते, सीमा पोलीस नव्हते, हे मान्य. पण प्रश्न तोच आहे. सैनिकांकडे शस्त्रे होती, असे सरकारनेच नंतर सांगितले. ती वापरली गेली नाहीत, कारण १९९६ च्या भारत-चीन करारानुसार प्रत्यक्ष नियंत्रण रेषेच्या, म्हणजे दोन्ही देशांनी मान्य केलेली सीमा नसताना ज्या रेषेपर्यंत प्रत्येकाचा ताबा आहे तिच्या, दोन किलोमीटरच्या आत गोळीबार न करण्याचे बंधन होते. संयमाची किंमत एकाच बाजूने किती काळ मोजावी?

वकीलबाई : ते २० जण करारामुळे गेले नाहीत, करार मोडणाऱ्यांमुळे गेले. अण्वस्त्रधारी दोन देशांमध्ये त्या रात्री हाती शस्त्र असूनही गोळी सुटली नाही, ही दुर्बलता नव्हती, ती अत्युच्च शिस्त होती. पण त्या शिस्तीला आधार देणे हे राज्याचे कर्तव्य होते. हातघाईच्या झुंजीचे शिक्षण, अंग झाकणारी साधने, तत्काळ येणारी कुमक आणि कोणत्या क्षणी बंधन संपते याचा निःसंदिग्ध हुकूम, हे चार आधार नसतील, तर संयमाची अपेक्षा करणे म्हणजे सैनिकाला एकटे सोडणे होय.

प्रशिक्षक : मग वकीलबाई, आपल्या दोघांमधले अंतर पुष्कळच कमी झाले आहे. शस्त्र असावे, याला आता तुमचा विरोध दिसत नाही.

वकीलबाई : विरोध शस्त्राला नव्हताच, काका, तो शस्त्र हेच उत्तर मानण्याला होता.

शिकवण कशाची

प्रशिक्षक : कंपूचे नाव आज केवळ वस्तीपुरते उरले आहे, पण त्यातला धडा जुना झालेला नाही. १७८४ पासून महादजींनी द बॉयन या फ्रेंच भाषिक सरदाराकरवी कवायती पलटणी उभ्या केल्या, आणि १७९० मध्ये पाटण व मेडता येथे त्या पलटणींनी विजय मिळवले. त्यांचे बळ केवळ बंदुकांत नव्हते, बंदुका तर उत्तरेत अनेकांकडे होत्या. ते रोजच्या कवायतीत, हुकमाशिवाय बार न काढण्याच्या सवयीत आणि वेळेवर मिळणाऱ्या पगारात होते. आजच्या जवानाच्या शिक्षणातही नेमबाजी हा एक भाग झाला. त्याच्याइतकाच वेळ निर्णयाच्या सरावाला द्यायला हवा, म्हणजे अंधारात, दमलेल्या अवस्थेत, गोळी झाडावी की झाडू नये हे ठरवण्याचे प्रसंग पुन्हा पुन्हा उभे करायला हवेत.

वकीलबाई : त्यात भाषेची भर घालावी लागेल. लातूर जिल्ह्यातल्या चाकूरच्या प्रशिक्षण केंद्रात शिकून निघालेला मराठी जवान मुर्शिदाबादच्या सीमेवर उभा राहतो आणि हिंदीत ‘रुको’ म्हणतो. समोरच्या म्हातारीला ते कळले नाही, तर कायद्याने अपेक्षिलेला इशारा दिला गेला, असे कसे म्हणता येईल? जो इशारा समोरच्याच्या भाषेत नाही तो इशाराच नव्हे. तसेच स्त्रियांची झडती स्त्रियांनीच घेतली पाहिजे. २००९ पासून दलात स्त्री-जवान सीमेवर उभ्या राहू लागल्या, तेव्हा कुंपणापलीकडे शेतीला जाणाऱ्या बायकांची मोठी अडचण दूर झाली. जखमी झालेल्याला, मग तो चोरटा का असेना, प्रथमोपचार देणे हाही त्याच शिकवणीचा भाग आहे.

प्रशिक्षक : आणि विश्रांतीचा विचार? रात्रभर गस्त घालून, दोन-चार तास झोप घेऊन, सहा महिने घराचे तोंड न पाहिलेला माणूस उत्तम शिकलेला असला तरी चुकतो. प्रबोधिनीत शिकवलेले चौकीवर पहिल्या वर्षातच झिजू लागते. म्हणून दरवर्षी उजळणी, ठरलेली रजा आणि बदलीचे न्याय्य चक्र यांना शस्त्रखरेदीच्या बरोबरीने खर्च मिळायला हवा. कॅनडाचे उदाहरण यासाठी बोलके आहे. तेथील सीमा अधिकारी पूर्वी निःशस्त्र असत. २००६ मध्ये त्यांना पिस्तुले देण्याचा निर्णय झाला, आणि हजारो अधिकाऱ्यांना शिकवून तो पुरा करण्याला सुमारे दहा वर्षे लागली. पिस्तुले विकत घेण्यात इतका काळ जात नाही. तो माणूस घडवण्यात जातो.

वकीलबाई : आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पंजाब, पश्चिम बंगाल आणि आसाम येथे सीमा सुरक्षा दलाचे अधिकारक्षेत्र सीमेपासून १५ ऐवजी ५० किलोमीटरपर्यंत वाढवले गेले, हेही येथे लक्षात घ्यावे. ५० किलोमीटरच्या पट्ट्यात गावे, बाजार आणि शाळा येतात. जितका अधिकार आत सरकतो तितका पहारेकऱ्याला शत्रूपेक्षा नागरिक अधिक भेटतो, आणि तितकी कायद्याची शिकवण वाढायला हवी.

निष्कर्ष

दोन्ही भूमिकांचा सारांश पाहता, सीमारक्षकाला निःशस्त्र ठेवावे या मताला आधार उरत नाही. सरदार चौकी आणि गिरगाव चौपाटी ही दोन स्थळे त्याचे पुरेसे खंडन करतात. पण अधिक शस्त्रांनी सीमा आपोआप सुरक्षित होते, हे मतही तितकेच निराधार आहे. शेखाडीचा किनारा, कूचबिहारची तार आणि बोराईबारीचे शेत त्याविरुद्ध साक्ष देतात. यांतून जो निर्णय निघतो तो असा, की शस्त्र आणि शिक्षण या दोन मागण्या नसून एकच मागणी आहे, आणि तिच्यात क्रम महत्त्वाचा आहे : प्रथम माणसाची निवड व शिकवण, मग त्याचे अंग झाकणारी साधने, मग कमी घातक साधने, मग शस्त्र, आणि या सर्वांवर दलाबाहेरच्या डोळ्यांनाही दिसेल अशी जबाबदारी. हा क्रम उलटला की त्याची किंमत कधी जवान देतो, कधी तारेत अडकलेली मुलगी.

हा क्रम स्वप्नाळू नाही, याचा पुरावा या दलाच्या संस्थापकाच्याच आयुष्यात आहे. ज्या खुसरो रुस्तमजींनी देशातील हे मोठे सशस्त्र सीमा दल उभे केले, त्यांनीच निवृत्तीनंतर १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खटल्याविना खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांविषयी वृत्तपत्रातून लिहिले. त्या लिखाणातून सर्वोच्च न्यायालयात हुसैनारा खातून खटला उभा राहिला आणि त्वरित न्यायाचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमाचा भाग ठरला. पलटणी उभारणारा आणि निराधार कैद्याची बाजू मांडणारा माणूस एकच होता. टेकनपूरहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तुकडीला दलाच्या पहिल्या प्रमुखाचे हे दोन्ही पैलू सारख्याच आस्थेने शिकवले जावेत, आणि सीमेवर जवान पाठवणाऱ्या प्रत्येक घराने, मग ते माधवगंजातले असो की सातारा-लातूरचे, सरकारकडे बंदुकीच्या आधी या शिकवणीची मागणी करावी.